सहल कात्रजला गेली, पोरं काय घेऊन आली?

मंडळी, थोडं मोठं लिहितोय, पण ज्यांची पोरं शाळेत आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

मध्यंतरी कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. सर्पोद्यानात आपल्याच भागातल्या एका शाळेची सहल भेटली. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण हा एका शाळेचा प्रश्न नाही. एक पोरगं मण्यारच्या काचेवर टिचक्या मारत होतं. "हलत का नाय रं ही?" तेवढ्यात मागून आवाज, "चला, चला, लाइन सोडू नका, वॉटर पार्कला उशीर होतोय!" पाच मिनिटांत सर्पोद्यान उरकलं. फाटकापाशी ग्रुप फोटो निघाला आणि गाडी सुटली.

त्या पोराला काय कळलं? मण्यार मरगळलेली असते, एवढंच. ती दिवसा पडून राहते कारण ती रात्री फिरते, हे कुणी सांगितलं नाही. जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्याला ती झोपेतच डसते. दंश फारसा दुखत नाही, सूजही जवळपास नसते. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात आणि घरचे म्हणतात, पित्त झालं असेल. ही माहिती शहरातल्या फ्लॅटमधल्या पोरापेक्षा भोर-वेल्ह्यातल्या पोराला जास्त लागते. आपल्याकडं भातखाचर आहे, गवताची गंज आहे, गोठा आहे.

आकडा ऐका. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशानं अंदाजे 12 लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. यात दर चौघांत एक जण पंधरा वर्षांखालचा. म्हणजे ज्या वयाची पोरं आपण सहलीला नेतो, त्याच वयाची.

आणि हे शिकवायला कात्रजसारखी जागा नाही. 1986 साली तिथं सर्पोद्यान सुरू झालं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे आपले चार मुख्य विषारी साप. काचेआड असलेला साप पोराला हातभर अंतरावरून, न घाबरता निरखता येतो. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडं ठळक आणि मानेकडं विरळ, बिनविषारी कवड्याचे नेमके उलटे. धामण म्हशीचं दूध पीत नाही, उंदीर खाते. हे एकदा नीट पाहिलं की बिचाऱ्या धामणीवर काठी पडणार नाही आणि मण्यारीला कुणी हात लावणार नाही.

काही जण म्हणतात, पिंजऱ्यातले प्राणी दाखवून काय शिकवणार? मुद्दा अगदी खोटा नाही. बिबट्या म्हणजे जाळीमागं येरझाऱ्या घालणारं जनावर, असं पोराच्या डोक्यात बसलं तर सहल वाया गेली. पण बिबट्या आपल्या डोंगरातही आहे, शेळी उचलतो, कुत्रं नेतो. संध्याकाळी एकट्यानं, वाकून बसू नये, गोठ्याला दार हवं, जनावर मारलं तर लगेच वनखात्याला कळवायचं (हेल्पलाइन 1926), हे त्या जाळीसमोरच सांगा ना! पोरगं जन्मभर विसरणार नाही.

आणि काचेवरच्या टिचक्यांचं काय? प्राणिसंग्रहालयातल्या जनावराला डिवचणं, खायला टाकणं, तिथं कचरा करणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. आपण मात्र हसतो आणि मोबाइल काढतो. मुकं जनावर करमणुकीसाठी असतं, हा धडा पोरं आपल्याकडूनच घेतात.

शिक्षकांवर सगळं ढकलायचं नाही. पन्नास पोरांमागं दोन शिक्षक, वर ऑनलाइन माहिती भरायची कटकट. "एका दिवसात चार ठिकाणं दाखवा" हा हट्ट तर आपणा पालकांचाच असतो.

म्हणून शाळा व्यवस्थापन समित्यांकडं तीन मागण्या आहेत:

1. कात्रजला जायचं तर पूर्ण दिवस कात्रजच. वॉटर पार्क वेगळ्या दिवशी, घरच्यांबरोबर.

2. पाच-पाच पोरांचा गट करा. प्रत्येक गटाला एकच प्राणी द्या. वीस मिनिटं बघायचं, वहीत चित्र काढायचं आणि परत आल्यावर गावात सांगायचं.

3. पुढच्या आठवड्यात वनरक्षक आणि आरोग्य केंद्रातली माणसं शाळेत बोलवा. साप चावला तर घट्ट आवळायचं नाही, चिरायचं नाही, मांत्रिकाकडं जायचं नाही. 108 लावा आणि दवाखाना गाठा. याची पोरांकडून तालीम करून घ्या.

आणि कात्रजला जायला पैसे नसतील, तर नसरापूरजवळ बनेश्वरचं बन आहेच. चालत फिरा, पक्षी मोजा.

यंदाच्या सहलीची मीटिंग होईल तेव्हा पालकांनी उठून एकच प्रश्न विचारावा: "गुरुजी, पोरं तिथनं शिकून काय येणार?"

पटलं तर शाळेच्या ग्रुपवर टाका. नसेल पटत तर खाली भांडा, उत्तर देईन.