मास्तर, कुणाचे संस्कार?

‘संस्कार नाहीत.’ आमच्या पोरांबद्दल शाळेच्या स्टाफरूममध्ये हा एकच शेरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. पोरगं इंदोऱ्याचं असो, इमामवाड्याचं असो, मोमीनपुऱ्यातलं असो की गोंडाच्या घरचं. शेरा तोच. आमचा सवाल साधा आहे : कुणाचे संस्कार?

पोरगं वर्गात म्हणते, ‘मले नाही समजलं.’ मास्तर गणित समजावत नाही, ‘मले’चं ‘मला’ करतो. वर्ग हसतो. त्या दिवसापासून पोरगं विचारणंच बंद करते. मग प्रगतिपुस्तकावर येतं : अबोल आहे. अरे, अबोल केलं कोणी त्याले? तेच पोरगं वस्तीत भीमजयंतीच्या स्टेजवर माईक सोडत नाही!

आता दसरा बघा. १४ ऑक्टोबर १९५६ ला दसराच होता. याच नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. गौरी-गणपतीला देव मानणार नाही, ही त्यातलीच एक. आणि याच शहरात बौद्ध पोरापुढे सरस्वतीपूजनाचं ताट येतं. हात जोडले नाहीत तर पोरगं उद्धट. निबंधाला विषय : ‘माझा आवडता सण – दिवाळी’.

घटनेचं कलम २८ वाचा. सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेतल्या पूजेला कुणाला संमतीशिवाय बसवता येत नाही. मूल अज्ञान असेल तर संमती पालकाची लागते. म्हणजे आम्ही मेहेरबानी मागत नाही. हेडमास्तरनं हे वाचलं नसेल तर तो त्या खुर्चीत बसतो कशाच्या जोरावर?

हे नवं खूळ नाही. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनला लिहून दिलं होतं : प्राथमिक शाळांतले जवळजवळ सगळे मास्तर ब्राह्मण आहेत, कष्टकऱ्यांत मिसळणारे, नांगराला हात लावायला न लाजणारे मास्तर तयार करा. आणि नागपूरनं काय केलं? जाईबाई चौधरींनी डोक्यावर ओझी वाहिली, शिकल्या, मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या. बाई अस्पृश्य आहे हे कळलं आणि लोकांनी मुलं काढून घेतली. नोकरी गेली. बाई रडत बसल्या नाहीत. १९२२ मध्ये याच शहरात त्यांनी मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावानं शाळा काढली.

पण आपला माणूस मास्तर झाला की प्रश्न मिटला, असंही नाही. राखीव जागेवर लागलेला आपला मास्तरही स्टाफरूममध्ये आडनाव गिळतो, ‘मले’ला हसतो, गोंड पोराला ‘जंगली’ म्हणतो. मास्तर बदलला, डोकं तेच राहिलं. म्हणून मास्तर घडवणाऱ्या कॉलेजातच हे शिकवलं पाहिजे : पोराच्या घरची भाषा, सण, धंदा, त्याचा इतिहास. १४ एप्रिलला फोटोला हार घातला की काम संपत नाही. स्कॉलरशिपवाल्यांना भर वर्गात उभं करणं बंद करा. पालकसभा संध्याकाळी घ्या, वस्तीत घ्या. दुपारी बोलावलं तर आईची रोजी बुडते.

आणि पोरांनो, तुम्हीही नुसते चौकात उभे राहू नका. पुढच्या पालकसभेला आईबापासंगं जा. कलम २८ कागदावर लिहून न्या. हेडमास्तरच्या टेबलावर ठेवा आणि विचारा, आमच्या पोराले ताटापुढं कोणाच्या संमतीनं बसवलं?

जय भीम!