मालिकेतले वेड आणि घरातले मौन

मनोविकारांविषयीचे समाजाचे मत वैद्यकाच्या ग्रंथांवरून क्वचितच बनते. ते बनते ऐकलेल्या आणि पाहिलेल्या कथांवरून. ज्या कुटुंबाने मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्याची पायरी कधी चढलेली नसते, त्या कुटुंबालाही ‘वेडा माणूस कसा असतो’ हे ठाऊक असते. निदान ठाऊक आहे असे त्याला वाटत असते. विस्कटलेले केस, भेदक हास्य, हातात येईल ती वस्तू फेकणे आणि अखेरीस लोखंडी गजांमागची खोली. हे चित्र चित्रपटांनी रंगवले आणि पुढे दूरचित्रवाणी मालिकांनी ते रोजच्या रोज घरात आणले. म्हणूनच मालिकांतील मनोरुग्णाचे चित्रण हा केवळ मनोरंजनाचा विषय राहत नाही. तो समाजस्वास्थ्याचा विषय होतो.

या दृष्टीने ब्रिटनमधील एका मालिकेचा अभ्यास उद्बोधक ठरेल. बीबीसीवर १९ फेब्रुवारी १९८५ रोजी सुरू झालेली ‘ईस्टएन्डर्स’ ही मालिका चार दशके उलटल्यानंतरही चालू आहे. पूर्व लंडनमधील वॉलफर्ड या काल्पनिक वस्तीत, अल्बर्ट स्क्वेअर नावाच्या चौकाभोवती राहणाऱ्या सामान्य कुटुंबांची ही कथा. १९८६ च्या नाताळातील तिचा भाग तीन कोटींहून अधिक लोकांनी पाहिला होता. आज तो आकडा राहिलेला नाही. परंतु ब्रिटिश समाजाच्या घराघरांत इतकी वर्षे वावरलेल्या मालिका थोड्याच आहेत. या मालिकेने मनोविकार हा विषय पुनःपुन्हा हाताळला. कधी फार चांगला, कधी फार वाईट. दोन्हींतून शिकण्यासारखे आहे.

आरंभ वाईटच होता. १९८६ मध्ये मालिकेतील अँजी या लोकप्रिय पात्राचा आत्महत्येचा प्रयत्न दाखवण्यात आला. त्यानंतर तशाच प्रकारचे रुग्ण वाढल्याचे लंडनमधील डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. पुढे झालेल्या व्यापक पाहणीतून निर्विवाद निष्कर्ष निघाला नाही. मात्र प्रश्न उभा राहिला तो कायमचाच. त्याचे अधिक स्पष्ट उत्तर १९९९ मध्ये मिळाले. बीबीसीच्याच ‘कॅज्युअल्टी’ या रुग्णालयविषयक मालिकेत १९९६ मध्ये असाच एक प्रसंग दाखवण्यात आला होता. प्रा. कीथ हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयांतील नोंदी तपासल्या, तेव्हा प्रक्षेपणानंतरच्या आठवड्यात विषप्राशनाच्या घटनांत १७ टक्के, तर दुसऱ्या आठवड्यात ९ टक्के वाढ आढळली. हे संशोधन ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. ‘लोक मालिका पाहतात आणि विसरून जातात’ असे म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे अवश्य ध्यानी ठेवावेत.

यानंतर मालिकेची दृष्टी हळूहळू बदलत गेली. १९९६-९७ मध्ये जो विक्स या तरुणाला स्किझोफ्रेनिया झाल्याचे कथानक आले. बहिणीच्या अपघाती मृत्यूने खचलेला, भासांनी घेरलेला आणि स्वतःच्या खोलीत कोंडून घेणारा हा मुलगा. या कथानकासाठी रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे मार्गदर्शन घेण्यात आले. प्रेक्षकांना एक खलनायक किंवा विदूषक दिसला नाही. त्यांना दिसला एक आजारी मुलगा आणि त्याला समजून घेताना थकून जाणारे आई-वडील. दुःख रुग्णाचे असते तसेच ते घराचेही असते, ही साधी गोष्ट पडद्यावर प्रथमच इतक्या सविस्तरपणे आली.

परंतु या मालिकेचे खरे यश स्लेटर कुटुंबातील मायलेकींच्या कथेत आहे. जीन स्लेटर या आईला बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांच्यामध्ये हेलकावे खाणारा विकार. तिची मुलगी स्टेसी आईला सांभाळतच मोठी झालेली. आणि २००९ मध्ये त्याच विकाराचे निदान स्टेसीचेही होते. जी मुलगी आईच्या गोळ्यांच्या वेळा पाहत असे, तिलाच आता गोळ्या घ्याव्या लागणार. जे भवितव्य तिने आयुष्यभर भयाने पाहिले, तेच तिच्यापुढे उभे. गिलियन राईट आणि लेसी टर्नर या दोन अभिनेत्री ही पात्रे वर्षानुवर्षे साकारत आल्या आहेत. २०२२ मध्ये जीनचा विकार पुन्हा उसळल्याचे दाखवण्यात आले, तेव्हा त्यामागे प्रेक्षकाच्या स्मरणातील दीड दशकाहून अधिक काळाचा सहवास होता.

दीर्घ मालिकेचे सामर्थ्य नेमके येथे आहे. चित्रपट तीन तासांत संपतो. त्यात रुग्ण एकतर बरा होतो किंवा मरतो. प्रत्यक्षात मनोविकार असा वागत नाही. तो येतो, औषधाने आटोक्यात राहतो, ‘आता बरे वाटते’ म्हणून औषध थांबवले की परततो आणि पुन्हा सावरता येतो. मधल्या काळात तो माणूस नोकरी करतो, भांडतो, विनोद करतो, लग्न करतो, मुले वाढवतो. जीन स्लेटर ही केवळ रुग्ण नाही. ती हसवते, स्वयंपाकात धडपडते, प्रेमात पडते आणि पुढे कर्करोगालाही सामोरी जाते. आजार हा तिच्या आयुष्याचा एक भाग आहे. तिचे संपूर्ण आयुष्य नव्हे. ही जाणीव व्याख्यानाने रुजत नाही, ती सहवासाने रुजते. आणि सहवास देणे हे दीर्घ मालिकेलाच शक्य असते.

२०१५ च्या अखेरीस स्टेसीला मुलगा होतो आणि तिला प्रसूतीनंतरच्या तीव्र मनोविकाराने ग्रासले जाते. आपले बाळ हे देवाचा पुत्र आहे आणि त्याच्या जिवाला धोका आहे, अशी तिची पक्की समजूत होते. ती बाळाला घेऊन छतावर चढते. दर हजार प्रसूतींमागे एक किंवा दोन स्त्रियांना हा विकार होतो. तो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच अकस्मात प्रकट होतो आणि वेळीच उपचार झाल्यास बहुतेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात. कथानकासाठी ‘माइंड’ आणि ‘ॲक्शन ऑन पोस्टपार्टम सायकोसिस’ या संस्थांचा सल्ला घेण्यात आला होता. आई आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणाऱ्या केंद्रात जागा नाही, म्हणून स्टेसीला बाळापासून तोडून सामान्य मनोरुग्णकक्षात ठेवावे लागते, हे मालिकेने दाखवले. ते त्या देशाच्या आरोग्यव्यवस्थेतील उणिवेवर नेमके बोट होते. जानेवारी २०१६ मध्ये तेथील पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी मातांच्या मानसिक आरोग्यासाठी २९ कोटी पौंडांची घोषणा केली. ती या मालिकेमुळे झाली असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु घोषणेचा विषय कोट्यवधी नागरिकांना त्या वेळी अपरिचित राहिलेला नव्हता, एवढे निश्चित.

मालिकेचे हे गुण सांगताना तिचे दोष झाकण्याचे कारण नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये, मालिकेच्या रौप्यमहोत्सवी भागात, आर्ची मिचेल या पात्राचा खून स्टेसीनेच केला होता असे उघड करण्यात आले. आर्चीने तिच्यावर अत्याचार केला होता, हे खरे. तरीही बायपोलर विकाराच्या रुग्णाच्या हाती खुनाचे हत्यार देणे म्हणजे ‘वेडा माणूस धोकादायक’ या जुन्याच समजुतीला खतपाणी घालणे होते. मनोरुग्ण हिंसा करण्यापेक्षा हिंसेचा बळी ठरण्याची शक्यता अधिक असते, हे शास्त्र सांगते. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी मालिकेने आणखी एक पातळी सोडली. अर्भक दगावलेली रॉनी ही माता शेजारणीच्या जिवंत बाळाशी आपल्या मृत बाळाची अदलाबदल करते, असे दाखवण्यात आले. अपत्यवियोगाचे दुःख भोगणाऱ्या मातांना गुन्हेगार ठरवल्याबद्दल हजारो तक्रारी आल्या आणि बीबीसीला ते कथानक ठरल्यापेक्षा लवकर आवरते घ्यावे लागले. प्रेक्षक जागरूक असेल तर बलाढ्य वाहिनीही ऐकते, हा त्यातील धडा.

आता आपल्याकडे वळू. भारतातील पहिली हिंदी मालिका ‘हम लोग’ ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर सुरू झाली, ती मुळी लोकशिक्षणाच्या हेतूने. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी प्रौढ साक्षरतेसाठी मालिका वापरल्या, त्या प्रयोगापासून तिची प्रेरणा घेतलेली होती. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार पडद्यावर येत आणि घरातल्या वडीलधाऱ्याच्या अधिकाराने चार शब्द सांगत. आज मालिकांची संख्या अगणित झाली. मात्र तो हेतू कोठे लोपला? आपल्या मालिकांत मनोविकार येतो तो बहुधा कटाचे साधन म्हणून. नायिकेला वेडी ठरवण्यासाठी दुधात मिसळलेली गोळी, डोक्याला मार लागताच गेलेली आणि दुसरा मार लागताच परतलेली स्मृती, खलनायिकेचे भेसूर हास्य आणि शेवटी ‘वेड्यांच्या इस्पितळा’ची गाडी. मराठीत याहून चांगले करता येत नाही, असे मुळीच नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘देवराई’मधून स्किझोफ्रेनिया, ‘अस्तु’मधून स्मृतिभ्रंश आणि ‘कासव’मधून नैराश्य किती संयमाने दाखवले, हे जाणकार प्रेक्षक जाणतात. प्रतिभेची वाण नाही. वाण आहे ती मालिका-व्यवसायातील जबाबदारीच्या जाणिवेची.

आणि तिची निकड केवढी आहे? निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढ लोकसंख्येपैकी १०.६ टक्के लोक पाहणीच्या वेळी कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने ग्रस्त होते. विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना होते. पाहणीतील बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण म्हणून आपली घरे निराळी आहेत, असे समजण्याचे कारण नाही. उपचार न होण्यामागे डॉक्टरांची कमतरता हे एक कारण आहेच. दुसरे कारण आपल्या उंबरठ्याच्या आत आहे. ते म्हणजे मौन. ‘मुलीचे लग्न ठरायचे आहे’, ‘लोक काय म्हणतील’, ‘आपल्या घराण्यात असे कधी नव्हते’. मधुमेहाची गोळी जेवणाच्या पानाशेजारी ठेवली जाते. मनोविकाराची गोळी कपाटात, कपड्यांच्या घडीखाली. पुढे लग्नानंतर तीच गोळी गुपचूप बंद होते आणि एका घराची नव्हे, दोन घरांची शोकांतिका होते.

आपली कुटुंबव्यवस्था हे आपले मोठे बळ आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो आणि ते खरेही आहे. पहिले बाळंतपण माहेरी, बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती, भोवती आई, आजी, मावशी अशा अनुभवी स्त्रियांचा पहारा, या प्रथेमागे शहाणपण आहे. स्टेसीच्या कथेतील एकटेपणा अशा घरात सहसा वाट्याला येणार नाही. परंतु पहाऱ्यावरच्या डोळ्यांना आजार ओळखता आला नाही, तर तो पहारा काय कामाचा? बाळंतीण रात्र-रात्र झोपत नाही, असंबद्ध बोलते, बाळाविषयी विचित्र संशय घेते, तेव्हा ‘बाळंतवात झाला’ म्हणून वाट पाहणे किंवा ‘बाहेरची बाधा’ म्हणून मांत्रिकाकडे धाव घेणे, हे दोन्ही घातक आहे. ती त्याच दिवशी रुग्णालयात नेण्याची अवस्था असते. आई व बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आहे. असे विभाग आपल्याकडे जागोजागी का नसावेत, हा प्रश्न विचारण्यासाठी आधी आजाराचे नाव तरी ठाऊक हवे. माया आणि ज्ञान एकत्र आली, तरच कुटुंब हे खरे बळ ठरते.

म्हणून काही अपेक्षा स्पष्टपणे मांडणे आवश्यक वाटते. मालिकांच्या लेखकांनी मनोविकाराचे कथानक घेताना तज्ज्ञांचा आणि रुग्णांच्या कुटुंबीयांचा सल्ला घ्यावा, आत्महत्येचे तपशील टाळावेत आणि उपचारानंतरचे साधे, सुरळीत आयुष्यही दाखवावे. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने चित्रपट-नाट्यक्षेत्रासाठी यासंबंधी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे. ती कोणालाही उपलब्ध आहे. वाहिन्यांनी अशा भागाच्या शेवटी साहाय्याचा क्रमांक दाखवावा. बीबीसी हे नित्य करते. आपल्याकडे पडद्यावर कोणी सिगारेट पेटवली की २०१२ पासून इशारा झळकतो. मग केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेला १४४१६ हा क्रमांक झळकण्यास कोणती अडचण आहे?

प्रेक्षकांचेही कर्तव्य आहे. मनोरुग्णाची विटंबना करणाऱ्या कथानकावर घरात नाक मुरडून भागणार नाही. वाहिनीला पत्र लिहायला हवे. ब्रिटनमधील मातांनी तेच केले. आणि वस्ती-वस्तीत, घरोघरी संपर्क ठेवणाऱ्या कार्यकर्त्यांवर अधिक मोठी जबाबदारी येते. रक्तदानाची, नेत्रदानाची चळवळ आपण घराघरांत नेली. ज्या घराचे दार एका मुलाच्या किंवा सुनेच्या आजारामुळे वर्षानुवर्षे पाहुण्यांना बंद झाले आहे, ते आपल्या परिचयाचे असतेच. त्या घरी जावे. उपदेश करण्यासाठी नव्हे; चहा घेण्यासाठी, रुग्णाशी त्याच्या नावाने बोलण्यासाठी आणि दवाखान्यात सोबत जाण्याची तयारी दाखवण्यासाठी.

मालिका अनोळखी दुःखाची ओळख करून देऊ शकते. ओळखीच्या दुःखाजवळ जाऊन बसणे मात्र तिला शक्य नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.