‘सर्व्हर डाऊन’ची पोच कोण देणार?

सोलापूर : करमाळा असो, मंगळवेढा असो की अक्कलकोट, महा ई-सेवा केंद्रातलं एक वाक्य आता सगळ्यांना पाठ झालंय. “सर्व्हर डाऊन हाय, उद्या या.” दिवसाचा रोजगार बुडवून, एसटीचं तिकीट काढून आलेला माणूस कागदांची पिशवी घेऊन तसाच माघारी फिरतो. उद्या यायला कुणाची ना नाही. पण मुदत आजच संपत असेल तर?

नेमकं बिघडतं काय?

सरकारी वेबसाईटचे दोन भाग असतात. एक आपल्याला मोबाईलवर दिसतो तो. दुसरा मागे असतो, माहितीचं कोठार म्हणजे डेटाबेस. सातबारा, अर्ज, खातेनंबर सगळं तिथं साठवलेलं असतं. आपण बटण दाबलं की वेबसाईट कोठाराशी जोडणी करते, माहिती आणते आणि दाखवते. अशा जोडण्या एका वेळी ठराविकच होऊ शकतात.

साखर कारखान्याचा वजनकाटा डोळ्यासमोर आणा. काटे ठरलेले. एक ट्रॅक्टर उतरला की दुसरा चढणार. एकाच दिवशी सगळ्या गावांचा ऊस आला तर रांग रस्त्यावर येते. कारखाना चालूच असतो, ऊसही कुठं जात नाही, फक्त काटा मोकळा नसतो. ‘डेटाबेस कनेक्शन एरर’ म्हणजे बहुतेक वेळा हेच. कधी कोठाराचं मशीनच बंद पडतं किंवा मधली लाईन तुटते, तेव्हा ते सगळ्यांनाच बंद. पण एरर आली म्हणजे आपली माहिती पुसली गेली, असं नव्हे. आणि पुन्हा पुन्हा रिफ्रेश मारणं म्हणजे त्याच रांगेत आणखी ट्रॅक्टर घुसवणं.

दरवेळी तीच गोष्ट

२०१७ च्या कर्जमाफीचे ऑनलाईन अर्ज आठवा. रात्र-रात्र रांगा लागल्या आणि १५ सप्टेंबरची मुदत २२ पर्यंत वाढवावी लागली. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला, पोर्टल रखडलं, ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टवर गेली. २०२५ मध्ये लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीत ओटीपी येईना. १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबर झाली.

मुदतवाढ मिळते, हे खरं. पण ती बहुधा शेवटच्या घटकेला जाहीर होते. तोवर लोकांचे हेलपाटे झालेले असतात. गर्दी शेवटच्या दिवसांत होणार हे सरकारला माहीत नसतं असं थोडंच आहे? मग काटे आधीच का वाढवत नाहीत?

दुसरा रस्ता नाही, असंही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ७,७५१ ग्रामपंचायतींच्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज भरताना संगणक प्रणाली अडली. तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने कागदावरचे अर्ज घ्यायला सांगितले आणि शेवटच्या दिवशी, २ डिसेंबरला, वेळ साडेपाचपर्यंत वाढवली. सरपंचकीच्या उमेदवाराला जी सोय मिळाली, ती विमा भरणाऱ्या शेतकऱ्याला का नको?

कायद्यातली फट

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळायला हवी. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण हे दिवस मोजले जातात अर्ज दाखल झाल्यापासून. सर्व्हरच बंद, तर अर्ज दाखल नाही. अर्ज नाही तर पोच नाही, आणि पोच नाही तर अपील कशाच्या जोरावर करायचं? म्हणजे बिघाड यंत्रणेचा आणि भुर्दंड माणसाला.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच जबाबदारी ठरवून दिली. यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना खात्यातून कापले गेले, पण त्याच्याकडे पोचल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. सरकारी पोर्टलनाही असाच नियम हवा. बंद असलेले तास मुदतीत आपोआप वाढवावेत. अर्ज लगेच नोंदवता येत नसेल तर निदान टोकन नंबर द्यावा. आणि इंग्रजी एररऐवजी मराठीत सरळ सांगावं, ‘यंत्रणा बंद आहे, अमुक वाजता या.’

तोवर आपण काय करायचं?

• एररचा स्क्रीनशॉट घ्या. तारीख आणि वेळ त्यात दिसली पाहिजे.
• डिजिटल सातबाऱ्याचे १५ रुपये कापले गेले आणि उतारा आला नाही, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी पोर्टलवरची शिल्लक आणि बँकेचा मेसेज बघा.
• जमल्यास पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करा.
• काम लवकर होईल म्हणून कुणालाही ओटीपी देऊ नका.
• मुदत संपत आली असेल तर संबंधित कार्यालयात लेखी अर्ज द्या, सोबत स्क्रीनशॉट जोडा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

शिक्का मारून घेतला म्हणजे काम झालंच, असं नाही. पण मुदतीच्या आत आपण दारात उभे होतो, एवढा पुरावा तरी हातात राहतो.