लुगडं आधी कोणी नेसलं?

परवा वाशीमला एका व्याख्यानाला जाऊन बसलो आणि पस्तावलो. वक्ते निवृत्त, आवाज खणखणीत. म्हणणं एवढंच: सिनेमानं पोट्टे बायकी केले, पुरुषानं पुरुषावर जीव लावायचं खूळ मुंबई-अमेरिकेहून आलं, आपल्या मातीत असलं काही नव्हतं, आणि जुना सिनेमा कसा घरंदाज होता. टाळ्या पडल्या. मला पंख्याची घरघर जास्त विचारी वाटली.

सिनेमा पाहून माणसं इतकी पालटत असती, तर १९९१ साली ‘माहेरची साडी’ पाहून पदर भिजवून आलेल्या सासवांनी घरी सुनेला चहा करून दिला असता. हा मुद्दा संपला.

मातीचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. कोणती माती? वऱ्हाडात दंडार ही लोकनाट्याची परंपरा होती ना? तिच्यात बाई कोण व्हायचं? दिवसभर बंडीत कापूस भरणारा गडी रात्री मिशी उतरवून, लुगडं नेसून उभा राही. गॅसबत्तीच्या उजेडात त्याच्या टाचांच्या भेगा दिसत. पण त्यानं मान वळवली की म्हाताऱ्यासुद्धा गप्प. सकाळी पारावर तोच गडी दिसला की, “काऊन बे, लुगडं कुठं ठेवलं?” हे कोणत्या अमेरिकेनं शिकवलं? ‘नटरंग’नं २०१० साली तेच दाखवलं: पैलवानी अंगाचा माणूस तमाशात नाच्या होतो आणि फडाबाहेर गाव त्याला जगू देत नाही. तो छळ मातीतलाच होता, बाहेरून आला नव्हता.

घरंदाज सिनेमाचं तर विचारूच नका. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती म्हणजे अण्णा साळुंके, उपाहारगृहातले स्वयंपाकी. फाळक्यांना त्या कामाला बाईच मिळाली नव्हती. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम साळुंकेच आणि सीताही साळुंकेच. म्हणजे वक्त्यांच्या हिशेबानं आपला सिनेमा पाळण्यातच बिघडला! ‘उंबरठा’त आश्रमातल्या दोन बायकांचं नातं १९८२ सालीच येऊन गेलं. वक्ते बहुधा मध्यंतरात चहाला गेले असावेत.

हा वाद तसा जुनाच. मागे पोरींच्या जीन्सवरून झाला तेव्हा दोष टीव्हीचा होता, त्याआधी तमाशाचा. पोरं बिघडलेलीच असतात, बिघडवणारा तेवढा बदलतो.

मग सिनेमा काहीच करत नाही? करतो. कोणावर जीव लावायचा हे तो शिकवत नाही, कोणाला हसायचं हे मात्र शिकवतो. साडीतला पुरुष दिसला की हसायचं, एवढा धडा आपण पाठ केला. तो विसरायलाही सिनेमाच कामी येईल, असं मला वाटतं. २०२५ साली सनडान्स महोत्सवात बक्षीस मिळवलेल्या रोहन कानवडेच्या ‘साबर बोंडं’मध्ये बाप गेल्यावर दहा दिवसांचं सुतक पाळायला आनंद गावी येतो आणि त्याला बाळ्या भेटतो. शेती करणारा बाळ्या. कोणी साडी नेसत नाही, कोणी मुरडत नाही. असा सिनेमा रिसोड-मानोऱ्याच्या पोट्ट्यांनी पाहावा.

व्याख्यानानंतर चहा झाला. ‘अशी ही बनवाबनवी’ हा वक्त्यांचा सर्वांत आवडता सिनेमा निघाला. लक्ष्या-सचिनच्या साड्यांचा प्रसंग त्यांनी खांद्यावर रुमाल पदरासारखा घेऊन, मुरडून करून दाखवला. फार छान केला. मीही हसलो, खोटं काऊन बोलू. कप गोळा करणारा पोरगा तेवढा हसला नाही.