अनुदान शेवटच्या रकान्यात

१८७० साली जलंब ते खामगाव हा छोटासा लोहमार्ग सुरू झाला. वऱ्हाडचा कापूस लवकर मुंबई बंदरात पोहोचावा, एवढ्यासाठी सरकारने त्यावर पैसा घातला. कापूस वेगाने जाऊ लागला आणि खामगावचा बाजार देशभर गाजला. मात्र त्या कापसाचे सूत आणि कापड बहुतेक दुसरीकडेच झाले. सरकारी पैसा आला म्हणजे रोजगार आलाच, असे धरून चालणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातला हा दीडशे वर्षांपूर्वीचा हिशेब आठवावा.

कापूस हंगामाच्या तोंडावर आपल्यापैकी अनेक प्रकल्प सल्लागार आणि सनदी लेखापालांकडे जिनिंग, डाळ मिल, तेलघाण्याच्या फायली येऊ लागतात. पक्षकाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सबसिडी किती बसते?’ प्रकल्प बसतो का, हा प्रश्न मागून येतो, किंवा येतच नाही. तो क्रम उलटा करणे हे आपले काम आहे.

राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे. मुंबई-पुण्याच्या आसपास साचलेला उद्योग बाहेर पडावा म्हणून तालुक्यांचे गट पाडले गेले. विकसित तालुके ‘अ’ मध्ये, मागास तालुके ‘ड’ आणि ‘ड+’ मध्ये. जितके मागास, तितकी सवलत जास्त आणि जास्त वर्षे. हेतू चांगलाच आहे. पण २०१९ च्या योजनेतले मुख्य अनुदान राज्य जीएसटीशी बांधलेले आहे, तेही राज्यात बिल होऊन राज्यातच पोहोचलेल्या मालाच्या पहिल्या विक्रीवरच्या. आपली अडचण इथेच आहे.

डाळ मिल घ्या. पंचवीस किलोहून मोठ्या पोत्यातली डाळ जुलै २०२२ नंतरही करमुक्तच आहे. कर शून्य, म्हणून त्यावर मिळणारा परतावाही शून्य. जिनिंग घ्या. रुईच्या गाठींवर पाच टक्के जीएसटी आहे, त्यातला राज्याचा वाटा निम्मा. त्याच गाठी तमिळनाडूच्या सूतगिरणीला किंवा जळगाव जामोदच्या पलीकडे बुऱ्हाणपूरला गेल्या, तर बिलावर एकात्मिक कर लागतो आणि ती विक्री मोजणीतूनच बाहेर पडते. जास्त कराचा पक्का माल राज्यातच विकणाऱ्याला ही योजना भरभरून देते. शेतमालावर पहिली प्रक्रिया करणाऱ्याच्या ओंजळीत थोडेच पडते. वस्त्रोद्योग धोरणातले भांडवली अनुदान म्हणूनच जिनिंगवाल्यांना अधिक जवळचे वाटते. ते यंत्रावर मिळते, बिलावर नाही.

लहान प्रकल्पांत घोळ वेगळा आहे. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या सर्वसाधारण गटाला २५ टक्के अनुदान मिळते. वीस लाखांचा प्रकल्प असेल तर अर्जदाराचे दोन लाख, बँकेचे अठरा आणि त्याच कर्जापोटी अनुदान पाच लाख. पण हे पाच लाख हातात येत नाहीत. ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहतात. त्यावर व्याज मिळत नाही, तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही. तरीही काही प्रकल्प अहवालांत हीच रक्कम पहिल्या वर्षाच्या रोख प्रवाहात दाखवलेली आम्ही पाहिली आहे. मग दिवाळीनंतर कापसाची आवक वाढते, शेतकऱ्याला चुकारा रोख द्यायचा असतो आणि खेळते भांडवल संपलेले असते. यंत्र झाकून ठेवावे लागते ते बहुधा इथेच.

रोजगाराचा हिशेबही नीट मांडायला हवा. सामूहिक योजनेत किमान ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना देण्याची अट आहे, आणि ती योग्यच आहे. पण जिनिंगचा हंगाम चार-पाच महिन्यांचा. जानेवारीत चाळीस माणसे मोजली, तर जूनमध्ये त्यातली किती कामावर असतात? एकाच जागेत सरकीचे तेल, डाळ किंवा सोयाबीनची जोड दिली, तर तीच माणसे आणखी काही महिने गावात राहतील. अहवालात माणसांच्या आकड्याशेजारी कामाचे महिनेही लिहा. हा रकाना अर्जात सहसा नसतो. आपण तो सुरू करू शकतो.

समृद्धी महामार्ग लोणार, मेहकर, सिंदखेडराजा, देऊळगाव राजा असा घाटावरून गेला. जुने उद्योग मात्र रेल्वेच्या आधाराने मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव असे घाटाखाली वाढले. घाटावर आता जागेला मागणी येईल आणि नवे अर्जही येतील. त्यांतले किती अर्ज केवळ तालुक्याचा गट पाहून केलेले असतील, हे तपासायला आपणच पहिले असू.

शासनाकडे आमची मागणी एकच: शेतमाल प्रक्रियेसाठीचे मुख्य साहाय्य करापासून सोडवून गुंतवणुकीशी आणि कामाच्या महिन्यांशी जोडावे. आणि वाचकांना विनंती: या हंगामातला प्रत्येक ताळेबंद दोनदा मांडा, आधी अनुदान शून्य धरून. त्यात हप्ता निघत नसेल, तर फाईल जिल्हा उद्योग केंद्रात नेण्याआधी पक्षकाराला तसे सांगा. आपली फी बुडेल, पण त्याचे शेत गहाण पडणार नाही.