फोडणी तडतडली, वरण कुठंय?

शेकर खुळखुळवल्याशिवाय डंबेलला हात लावायचा नाही, असा हल्ली जिमचा रिवाजच झालाय. आतल्या गुलाबी पाण्यात असतं 'बीसीएए', म्हणजे ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलिन. ट्रेनरचा युक्तिवाद बिनतोड वाटतो: ही तीन अमिनो आम्लं शरीराला बनवता येत नाहीत, स्नायूंत ती भरपूर असतात आणि ल्युसीन तर स्नायू बांधायची कळच दाबतं.

यातलं एकही विधान खोटं नाही. खोटा आहे तो निष्कर्ष. शरीराला बनवता न येणारी अमिनो आम्लं तीन नव्हेत, नऊ आहेत. कळ दाबली, पण लायसीन, मेथिओनीन वगैरे उरलेली सहा कुठून आणणार? पोटात नसतील, तर शरीर ती बहुतेक स्वतःच्याच मोडत्या स्नायूंतून वेचतं. फोडणी तडतडली, घरभर वास सुटला, पातेल्यात वरणच नाही!

'पण प्रयोगांत फरक दिसतो ना?' दिसतो. 2017 साली ब्रिटनमधल्या एका प्रयोगात व्यायामानंतर 5.6 ग्रॅम बीसीएए घेतल्यावर स्नायूंतल्या प्रथिनांची निर्मिती 22 टक्क्यांनी जास्त भरली. पण तुलना प्लासिबोशी होती, ग्लासभर दुधाशी नव्हे. आणि मोजमाप काही तासांचं, दंडाच्या घेराचं नव्हे. त्याच वर्षी संशोधक रॉबर्ट वुल्फ यांनी उपलब्ध संशोधन तपासून, नुसत्या बीसीएएने स्नायू वाढतात या दाव्याला आधार नाही, असं लिहिलं. अंगदुखी थोडी कमी होते, हे मात्र मान्य.

मग घ्यायचं काय? पूर्ण प्रथिनं. वजन उचलणाऱ्याला किलोमागे दिवसाला साधारण 1.6 ग्रॅम पुरतात. साठ किलोच्या पोराला 96. चार अंडी 24 ग्रॅम देतात, पन्नास ग्रॅम कोरडे सोया चंक्स जवळपास 26. कोल्हापूरच्या तालमीतला खुराक आठवा: दूध, बदामाची थंडाई, मटण. वस्तादाला ल्युसीनचं नावही ठाऊक नसेल, पण दुधामटणात ते बाकीच्या आठांसकट येतं. नुसत्या वरणभातावर मात्र हा आकडा गाठणं अवघड, हे शाकाहाऱ्यांनी कबूल करावं. त्यांनी व्हे घ्यावं. तेही शेवटी दुधाचंच. डब्याशी माझं वैर नाही, अर्धवट डब्याशी आहे.

भूक मेलेल्या म्हाताऱ्याला डॉक्टरांनी नऊही अमिनो आम्लांची पूड दिली, तर ती गोष्ट वेगळी. सकाळी मिसळपाव आणि रात्री बिर्याणी हाणणाऱ्या पंचविशीतल्या गड्याचं ते दुखणं नव्हे.