सूर्यफुलांच्या शेताचा जमाखर्च

अमेरिकेत मुलामुलींकडे काही महिने राहून येणारे आपल्या समाजातील वडीलधारे आता घरोघरी आहेत. त्यांच्यापैकी कोणाचा मुक्काम ऑगस्टच्या सुमारास सेंट लुईसच्या आसपास असेल, तर मिसुरी आणि मिसिसिपी या महानद्यांच्या संगमावरील ‘कोलंबिया बॉटम’ हे संरक्षित क्षेत्र त्यांनी अवश्य पाहावे. ‘बॉटम’ म्हणजे नदीकाठची सखल, गाळाची जमीन. मिसुरी राज्याच्या संवर्धन विभागाने 1997 मध्ये ती घेतली. विस्तार 4,300 एकरांहून थोडा अधिक, आणि शहरापासून मोटारीने फार तर अर्ध्या तासाचे अंतर.

संगमाच्या टोकाशी पाहण्यासाठी सज्जा बांधला आहे. मिसुरीचे पाणी पिवळसर, गढूळ; ते मिसिसिपीच्या पाण्यात एकदम मिसळत नाही, काही अंतर दोन रंग शेजारी शेजारी वाहतात. परंतु गर्दी होते ती सूर्यफुलांसाठी. लातूर-सोलापूरकडील वाचकांना हे पीक नवे नाही. मात्र त्याचे मूळ माहेर उत्तर अमेरिकाच, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कोवळी रोपे सूर्यामागे मान फिरवतात, पूर्ण उमललेली फुले मात्र पूर्वेकडे तोंड करून स्थिर होतात. म्हणून तेथे सकाळी जावे. पिवळे गोल्डफिंच पक्षी फुलावर उलटे लटकून बी टिपतात, पाणथळीत पांढरे बगळे उभे असतात, आणि कडेच्या झाडीतून हरिणी पाडसासह बाहेर येते.

ही शेते कोणी तेलासाठी लावलेली नाहीत. ती प्रामुख्याने ‘मोर्निंग डव्ह’ या पक्ष्यासाठी लावतात. हा आपल्याकडील होल्याचा भाऊबंद. त्याच्या घुमण्यात शोक ऐकू येतो, म्हणून हे नाव. इथवर ऐकून मन प्रसन्न होते. सरकारने चालविलेली केवढी ही जीवदया! जावईबापूंनी मात्र पुढचे सांगितले, “पप्पा, 1 सप्टेंबरला यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो.” हंगामापूर्वी शेताचे पट्टे कापतात, बी जमिनीवर सांडते, होले थव्याने उतरतात आणि परवानाधारक शिकारी तेथे येतात. कायद्याची बारीक मेख अशी, की बाहेरून दाणे आणून टाकणे हा गुन्हा. उभे पीक तेथेच कापून दाणे सांडू देणे मात्र चालते. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला असे भेद नवीन नसतात, पण हा पचला नाही. आपले पर्युषणही बहुधा याच दिवसांत असते.

या 1 सप्टेंबरला आणखी एक संदर्भ आहे. प्रवासी कबुतर ही जात एके काळी त्या खंडात अब्जांनी होती. तिचा शेवटचा पक्षी, ‘मार्था’, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात 1 सप्टेंबर 1914 रोजी मेला. जंगलतोड हे एक कारण, पण मोठे कारण व्यापार. थवा कोठे उतरला ते तारेने कळे आणि मारलेले पक्षी पिंपे भरभरून रेल्वेने शहरांच्या बाजारात जात. आपण व्यापारी माणसे. पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगणाऱ्या आचार्यांची दृष्टी किती दूरवरची होती, हे येथे उमगते. पुढे 1918 च्या कायद्याने स्थलांतरी पक्ष्यांचा असा बेबंद व्यापार थांबवला.

शिकारीचे समर्थक सांगतात, की निसर्गरक्षणाचा पैसा शिकाऱ्यांकडूनच येतो. अंशतः ते खरे आहे. 1937 पासून तेथे बंदुका व काडतुसे यांवर 10 ते 11 टक्के केंद्रीय कर आहे आणि तो वन्यजीवांसाठी राज्यांना वाटला जातो. पण मिसुरीची वही नीट पाहिली तर दुसरीच नोंद ठळक दिसते. 1976 मध्ये तेथील नागरिकांनी मतदान करून विक्रीवर एक-अष्टमांश टक्का कर स्वतःवर लावून घेतला, म्हणजे आठ डॉलरच्या खरेदीला एक सेंट. विभागाच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा भाग हाच. तो किराणा दुकानदार गोळा करतो, वह्या-पेन्सिली घेणारे मूल भरते, आणि तेथील शाकाहारी जैन कुटुंबही भरते. तेव्हा बंदुकीवाचून अरण्य टिकत नाही, हा हिशेब मला मान्य नाही.

प्रश्न उरतो अनुमोदनेचा. मन, वचन, काया आणि करणे, करविणे, अनुमोदणे या नवकोटीत फुले पाहून आनंदणारा प्रवासी कोठे बसतो? माझ्या मते पुढचे ठाऊक असूनही त्याविषयी मौन पाळून नुसती छायाचित्रे काढणे हे अनुमोदनेच्या फार जवळ जाते. फुले पाहणे नव्हे. त्या दाण्यांवर गोल्डफिंच आणि चिमण्याही जगतात, त्यांचा त्यात काय दोष? सौभाग्यवतीला हे पटले नाही. “पेरणाऱ्याच्या मनात काय होते ते आधी पाहा,” असे तिचे म्हणणे. तिच्या मतातही बळ आहे.

आमच्या कन्येने त्याच आठवड्यात विभागाला पत्र लिहिले. एक-दोन शेते शिकारीविना, केवळ पक्ष्यांसाठी राखावीत, आणि आम्हीही करदाते आहोत, एवढाच मजकूर. जैन मित्रमंडळातील काही कुटुंबांनी त्यावर सह्या केल्या. उत्तर अद्याप यायचे आहे.